मुनीमजी, ड्रायर आणि साठ स्लाइड्स: धंद्यात बदल करताना तुम्ही नेमकं काय वापरलं?

फटका_तूर (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो. आज लिहायला बसलो, कारण डोकं चालेनासं झालंय.

जळगाव एमआयडीसीत आमची तुरीची दालमिल आहे. वडिलांनी सुरू केली, नऊ वर्षांपासून मी बघतो. कायमची माणसं एकवीस, हंगामात हमाल आणि वाळवणीच्या बाया धरून चाळीसच्या आसपास. मागच्या वर्षी मोठ्या हौसेने बिल आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर घेतलं. तीन दिवस ट्रेनिंग, पेढे, सगळं रीतसर झालं. मुनीमजींनी (वय ६३, आमच्याकडे ३६ वर्षं) मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून रोजमेळ पुन्हा लाल चोपड्यातच. मग कॉम्प्युटरवर एंट्री करायला एक मुलगा ठेवला. तो चोपड्यात बघून आकडे टाकायचा. म्हणजे काम दुप्पट, पगार दुप्पट आणि चुका तिप्पट. दिवाळीला गोदाम मोजलं, तर सॉफ्टवेअरमध्ये २१२ क्विंटल माल जास्त दिसत होता. सातव्या महिन्यात गुंडाळलं. पैसे पाण्यात.

त्यानंतर पुण्याला दोन दिवसांच्या शिबिराला जाऊन आलो. बदलाचं नेतृत्व कसं करावं वगैरे. साठ स्लाइड्स. बाण, पायऱ्या, वर्तुळं, हिमनग. हिमनग तर तीनदा आला. आमच्याकडे मे महिन्यात कुणी हिमनग दाखवला तर लोक सरळ फोडून रसवंतीला विकतील. उदाहरणं सगळी पाच-पाच हजार माणसांच्या कंपन्यांची. आमच्याकडे एचआर म्हणजे मी, आणि मी बाहेरगावी असलो तर बायको.

यंदा ड्रायर आणि सॉर्टेक्स (रंग बघून खराब दाणे बाजूला काढणारं मशीन) बसवायचं पक्कं केलंय. आत्ता तुरीला तेल-पाणी लावून खळ्यावर पसरतो, ऊन देतो आणि पावसाळ्यात ढग मोजत बसतो. ड्रायर आला की बारमाही चालेल, खळ्यावरच्या अकरा बायांचं काम कमी होईल, सॉर्टेक्समुळे माल एकसारखा निघेल. बँकेचं कर्ज मंजूर आहे. भीती एकच, सॉफ्टवेअरचं झालं ते याचं होऊ नये. मुनीमजी आत्ताच म्हणायला लागलेत की मशीनच्या डाळीला चव नसते.

तुम्ही कुठली पद्धत, कुठला कागद, कुठली बैठक वापरली आणि ती चालली का, एवढं सांगा. फसलेलं सांगितलंत तर अजून बरं.

---

धुळ्याचा_पुण्यात

शिबिरं घेणाऱ्यांपैकीच मी एक, त्यामुळे टोमणा पोचला. हिमनग माझ्याही स्लाइडवर आहे.

तरी दोन गोष्टी त्या साठांतून वाचवून ठेवा. एक, हार्वर्डचे प्राध्यापक जॉन कॉटर यांच्या बदल घडवण्याच्या आठ पायऱ्या. १९९५ पासून जगभर वापरतात. आठही तुम्हाला लागणार नाहीत, पण पहिली, म्हणजे निकड, फार महत्त्वाची. आपल्याकडचे मालक तिथेच घसरतात. निकड मालकाच्या डोक्यात असते. तो रात्री झोपत नाही. खाली मात्र "मशीन येतंय" एवढंच पोचतं.

दुसरं, जेफ हायट यांचं अ‍ॅडकार. पाच घरं आहेत: बदल कशासाठी हे कळणं, तो हवासा वाटणं, कसा करायचा याची माहिती, हाताला प्रत्यक्ष जमणं आणि नंतर तो टिकणं. हे सगळ्या मिलला एकदम लावायचं नाही. एकेक माणूस घ्यायचा आणि तो कुठल्या घरात अडकलाय ते बघायचं. तुमचे मुनीमजी दुसऱ्या घरात बसून आहेत आणि तुम्ही त्यांना तिसऱ्या घराचं ट्रेनिंग दिलंत. कितीही पेढे वाटले तरी ते उठणार नाहीत.

---

रावेर_केळीवाला

वरचं सगळं खरं असेल भाऊ, पण आमच्याकडे गाडी अडली ती दरावर.

आमचा केळीचा व्यापार. घड कापायचा, डोक्यावरून वाहून ट्रकमध्ये पाल्यावर रचायचा, ट्रक उत्तरेला. पन्नास वर्षं हेच. एक्स्पोर्टचं काम घ्यायचं ठरवलं तेव्हा सगळंच उलटं झालं. घडाला धक्का लागायला नको, फण्या वेगळ्या करायच्या, पाण्यात धुवायच्या, डाग बघायचे, तेरा किलोचं खोकं भरायचं. आमची टोळी वजनावर पैसे घेणारी. मी काय केलं, तर आधीच खोक्याचा दर जाहीर करून टाकला. पहिल्या दिवशी सहा जणांनी मिळून जेमतेम नेहमीच्या निम्मी कमाई केली. तिसऱ्या दिवशी टोळी दुसऱ्याच्या बागेत.

मग सोलापूरकडून शिकलेली टोळी आणली. ती महाग पडली आणि गावात बोलणी खाल्ली ती वेगळीच. पुढच्या हंगामात परत आपल्या मुकादमाकडे गेलो. म्हटलं, पंधरा दिवस रोजंदारी घ्या, खोकी कितीही भरा, कमी भरली तरी रोज तोच. फक्त एकाच बागेवर करू. पंधराव्या दिवशी मुकादमच वही घेऊन आला, दिवसाला किती खोकी होतात ते त्यानेच लिहिलं होतं. दर त्याने सांगितला, मी थोडी घासाघीस केली, ठरला. त्या पंधरा दिवसांची रोजंदारी मला जड गेली, पण सोलापूरच्या टोळीपेक्षा स्वस्तच.

आमच्याकडे पद्धत म्हणाल तर ही. शिकेपर्यंत माणसाच्या कमाईला हात लावायचा नाही, आणि दर शिकल्यावर ठरवायचा.

---

हिशेबनीस_चाळीसगाव

धागाकर्ते, एक विचारू? ते २१२ क्विंटल कुठे गेले हे शोधलंत का? की सॉफ्टवेअर वाईट म्हणून सोडून दिलं? तूर आत किती, डाळ, चुनी (बारीक चुरा), भुसा बाहेर किती, आणि मधली घट कुठे मांडली होती?

बाकी दोन वह्या समांतर चालवणं वाईट नाही, आम्हीही सांगतो. पण त्याला शेवटची तारीख हवी. तारीख नसली की जुनी वही अमर होते.

आणि निकडीचं म्हणाल तर ती सरकारने आयती दिलेली आहे, वापरा. २ जून २०२३ ला तूर-उडदावर साठामर्यादा आली. मिलवाल्यांना आधी तीन महिन्यांचं उत्पादन किंवा वार्षिक क्षमतेच्या २५ टक्के, जे जास्त ते. सप्टेंबरात ते एक महिना किंवा १० टक्क्यांवर आणलं. साठा सरकारी पोर्टलवर जाहीर करावा लागायचा. माझ्या एका पक्षकाराचा मुनीम त्या आठवड्यात रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गोदामात पोती मोजत होता. त्यानंतर त्यानेच मालकाला म्हटलं, ते कॉम्प्युटरचं काय ते बघा.

उधारीचंही तेच. १ एप्रिल २०२४ पासून सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तर जास्तीत जास्त ४५ आणि नसला तर १५ दिवसांत दिले नाहीत, तर पैसे देईपर्यंत माल घेणाऱ्याला तो खर्च आयकरात मिळत नाही. मिल म्हणजे उत्पादक, तुम्ही यात बसता. कुणाकडे किती दिवस झाले हे एका बटणावर दिसलं तर वसुलीला फोन करायला जोर येतो. मुनीमजींना हे दाखवा. उधारी हा त्यांचा प्रांत आहे.

---

भुसावळ_फोरमन

एकतीस वर्षं सरकारी कारखान्यात काढली. आमच्याकडे बदल परिपत्रकाने यायचा आणि परिपत्रकाखालीच गाडला जायचा. तेव्हा फसलेल्या उदाहरणांची माझ्याकडे कमतरता नाही, पण ती लिहीत बसलो तर पेन्शनवर परिणाम होईल.

त्याऐवजी एक जुना प्रयोग सांगतो. खात्याच्या ट्रेनिंगमध्ये ऐकला होता, तेवढा एकच लक्षात राहिला. अमेरिकेत व्हर्जिनियात हारवूड नावाची पायजमे शिवणारी फॅक्टरी होती. कामगार नगावर पैसे घेणाऱ्या, बहुतेक बायाच. तिथे कामात जरा जरी बदल केला की उत्पादन पडायचं आणि बाया सोडून जायच्या. तिथला पर्सनल मॅनेजर कोच आणि मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविनच्या गोटातला फ्रेंच या दोघांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग. बदल किती छोटा बघा: इस्त्री करणाऱ्या बाया अर्धा-अर्धा डझन पायजमे पुठ्ठ्यावर रचायच्या, आता ते खोक्यात रचायचे. बस.

एका गटाला बोलावून नीट समजावून सांगितलं, कारण सांगितलं, नवा दर सांगितला, शंका विचारा म्हटलं. आपण करतो तेच. त्या गटाचं उत्पादन वर आलंच नाही आणि पहिल्या चाळीस दिवसांत १७ टक्के सोडून गेल्या. दुसऱ्या गटांत बायांनाच विचारलं, काम कसं बदलायचं आणि दर कसा काढायचा. त्यांचं उत्पादन लवकर सावरलं, आधीपेक्षा वर गेलं, आणि कुणी सोडून गेलं नाही.

मला त्यातला पुढचा भाग आवडतो. अडीच महिन्यांनी त्या पहिल्या गटातल्या उरलेल्या बायांना नव्या कामावर घेतलं आणि या वेळी त्यांनाही विचारलं. त्याच बाया, त्यांचंही उत्पादन चढलं. तेव्हा "आमची माणसंच तसली" म्हणणाऱ्याला मी हेच सांगतो.

दुसरं एक हत्यार, फुकट आहे. गॅरी क्लाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं. ड्रायर यायच्या आधी सगळ्यांना बसवा आणि म्हणा: समजा पुढची दिवाळी आली, ड्रायर बंद पडून धूळ खातोय. का बंद पडला ते प्रत्येकाने सांगा. "काही अडचण येईल का" असं विचारलं तर कुणी तोंड उघडत नाही, शेठपुढे अपशकुन कोण करणार. बंद पडलाच असं धरून विचारलं की लोकांना कंठ फुटतो.

---

अमळनेरकर

एवढ्या लांब व्हर्जिनियाला कशाला जाता? आपल्या अमळनेरात १९४५ ला वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. १९६६ मध्ये वडील गेले म्हणून एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी स्टॅनफर्ड सोडून परत आले. आयबीएम १९७८ ला देशातून गेली आणि ही मंडळी कॉम्प्युटरमध्ये शिरली. तूपवाल्याचं विप्रो झालं. आमच्या गल्लीत शेअर जपून ठेवलेली घरं आहेत, विचारा त्यांना बदल म्हणजे काय. आणि त्याच गावात प्रताप मिल, तिकडे जळगावात खान्देश मिल. दोन्ही कुठे आहेत आता?

---

हिशेबनीस_चाळीसगाव

अमळनेरकर, अभिमान मलाही आहे. पण त्यांनी तुपाचा कारखाना मोडून कॉम्प्युटर काढले नव्हते. तूप-साबण चालू ठेवून, त्याच्या जोरावर नवं काढलं. धागाकर्त्याला चालत्या मिलच्या आत, त्याच माणसांकडून काम बदलून घ्यायचंय. ते वेगळं आणि माझ्या मते जास्त किचकट. (शेअरवाल्या घरांबद्दल मात्र अनुमोदन. आमच्या आजोबांनी विकले होते. तो विषय घरात काढत नाहीत.)

---

हमालाचा_पोर

सगळे प्रतिसाद वाचले. चांगले आहेत. पण एक गोष्ट कुणाच्या नजरेत कशी आली नाही?

माझे वडील जळगावात दालमिलमध्ये हमाल होते. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळीवर ५ टक्के जीएसटी आला. मिलवाले हुशार, रातोरात ३० किलोचे कट्टे सुरू. आता हमाली ठरते नगावर. ५० किलोचं पोतं जाऊन ३० चा कट्टा आला म्हणजे तेवढ्याच मालाला नग जास्त, चढउतार जास्त. शेठ म्हणे वजन कमी झालं, दर कमी करा. हमाल म्हणत फेऱ्या वाढल्या. चार दिवस काम बंद. वडील तेव्हा म्हणायचे, "शेठना काटा बदलना का आपला दर बदलस." शेठचं नुकसान नको म्हणून झालेला बदल, पण पहिली कात्री कुणाच्या मजुरीला, ते बघा.

तर धागाकर्ते. मुनीमजींवर तुम्ही अख्खा परिच्छेद लिहिला. त्यांच्या चोपड्याचा रंगसुद्धा सांगितला. आणि "खळ्यावरच्या अकरा बायांचं काम कमी होईल" हे फायद्यांच्या यादीत, अर्ध्या वाक्यात. कमी होईल म्हणजे काय? अकराच्या सात होणार की अकराच्या शून्य? त्यांना माहीत आहे का? त्यांना माहीत नसेल असं वाटत असेल तर विसरा, मिलमध्ये ड्रायरचं कोटेशन यायच्या आधी बातमी चहाच्या टपरीवर येते.

रावेरवाल्या दादांनी मुद्द्याचं सांगितलंय. पण शिकून झाल्यावर दर ठरवायला आधी माणूस कामावर उरावा लागतो.

---

फैजपूर_वेफर्स

हमालाचा पोर, +१.

आमचं केळी वेफर्सचं छोटं युनिट, आम्ही नऊ जणी. स्लायसर आणला तेव्हा मी पण हेच केलं होतं, मशीन येईपर्यंत गप्प. आमच्याकडे एक आजी होत्या, किसणीवर थेट कढईत काप सोडायच्या. एका हातात केळं, दुसऱ्या हाताने झारा. मशीन आलं त्या दिवशी त्या आल्या, पदराने कपाळ पुसलं, स्लायसरकडे बघितलं, आपली किसणी पिशवीत टाकली आणि घरी गेल्या. भांडण नाही, काही नाही.

आठ दिवस आमचे वेफर्स तेलकट निघत होते. मशीनचे काप एका जाडीचे, पण एकदम पडायचे आणि तेल थंड व्हायचं. आजी कढईच्या आवाजावरून काप कधी सोडायचे ते ठरवायच्या, हे मला त्या गेल्यावर कळलं. मी स्वतः त्यांच्या घरी गेले. कळण्याची भाकरी खाल्ली, इकडचं तिकडचं बोलले, मग विषय काढला. आता त्या कढईजवळ खुर्ची टाकून बसतात आणि मशीनवालीला ओरडतात. पगार तोच.

दादा, तुमच्या बायांपैकी कुणाला काय येतं ते तुम्हाला माहितीये का? म्हणजे खरंच माहितीये का?

---

फटका_तूर (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. हमालाचा पोर यांचा प्रतिसाद वाचून पहिल्यांदा राग आला, उत्तर टाइप केलं, खोडलं. अकराच्या शून्य होणार होत्या. कोटेशनच्या हिशेबात ती मजुरी मी वाचलेली धरली होती. बघतो. ड्रायर यायला सहा आठवडे आहेत.

---

फटका_तूर (धागाकर्ता)

अडीच महिन्यांनी धागा वर काढतोय. झालं ते लिहितो, कुणाच्या उपयोगी पडलं तर.

फोरमनकाकांची बैठक घेतली. खळ्यावरच, संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. ड्रायर दिवाळीला बंद पडलाय असं धरा म्हटल्यावर पाच मिनिटं कुणी बोललं नाही, मग एक हमाल म्हणाला, लाइट गेली असेल. हसले सगळे आणि मग सुटले. एकूण चौदा कारणं निघाली. त्यातली दोन मशीनवाल्या कंपनीच्या माणसालाही सुचली नव्हती. एक म्हणजे बाहेर पडणारी गरम हवा थेट हमालांच्या वाटेवर येत होती. मेमध्ये त्या वाटेने पोतं घेऊन कुणी गेलाच नसता. पाइपची दिशा बदलली.

बायांचं. त्यांना आधीच माहीत होतं, अर्थात. दोघींनी तर दुसरीकडे बोलणीही केली होती. मी आकडा स्पष्ट सांगितला: ड्रायरवर चार, सॉर्टेक्समागे हाताने निवड आणि पॅकिंगला पाच, म्हणजे नऊ. दोघींना मी काम देऊ शकत नाही. दोन महिने रोजंदारी कुणाचीच कमी होणार नाही, रावेरवाल्यांचा सल्ला. त्या दोघी कोण हे मी ठरवायला नको म्हणून त्यांच्यावर सोडलं. तेही बरोबर केलं की जबाबदारी ढकलली, मला अजून कळत नाही. बोलणी केलेल्यांपैकी एक चटईच्या कारखान्यात गेली. दुसरी राहिली, आणि तिच्याऐवजी जी घरी बसली तिच्याशी माझं धड बोलणं झालेलं नाही. दुकानात भेटली तर मान वळवते.

ड्रायरच्या पहिल्या तीन घाण्या (खेपा) बिघडल्या. खंडा (तुटकी डाळ) इतका निघाला की वडील दोन दिवस मिलमध्ये आलेच नाहीत. मीटर ओलावा बरोबर दाखवत होता. खळ्यावरच्या मुकादम मावशींनी दाणा दाताखाली फोडला, थुंकला आणि म्हणाल्या, वरून कोरडा, आतून नाही, याला मध्ये विसावा द्या. खळ्यावर रात्री ढीग करून झाकून ठेवायचो ते याचसाठी, हे मला लहानपणापासून दिसत होतं आणि एकदाही सुचलं नाही. आता दोन टप्प्यांत वाळवतो. वेळ जास्त जातो, कोटेशनमधली क्षमता काही मिळत नाही. सॉर्टेक्स मात्र पहिल्या दिवसापासून छान.

आता २१२ क्विंटल. हिशेबनीस, तुमचा प्रश्न घेऊन मुनीमजींच्या शेजारी बसलो. त्यांनी चोपडा उघडून शेवटचा रकाना दाखवला. "घट". प्रत्येक लॉटची, महिन्याप्रमाणे वेगळी. माती-काडी आणि उडालेला ओलावा, दोन्ही धरून. जानेवारीची वेगळी, मेची वेगळी. सॉफ्टवेअरमध्ये तो रकानाच नव्हता, आणि मुलगा बाकीचे आकडे इमानदारीने भरत होता. मी विचारलं, काका, तेव्हा का नाही सांगितलं? ते म्हणाले, ट्रेनिंगवाला पोरगा म्हणाला होता की जुनं सगळं विसरा.

आता असं ठरलंय: स्टॉक फक्त कॉम्प्युटरवर, घटीचा आकडा मुनीमजी सांगतील तो. उधारी नवरात्रापर्यंत चोपड्यात आणि कॉम्प्युटरवर दोन्हीकडे, घटस्थापनेपासून एकीकडेच. कुठल्या बाजूला, यावर अजून वाद आहे.

एक मदत हवी आहे. ३६ वर्षांचे घटीचे आकडे पोटमाळ्यावर आहेत, अठ्ठावीस चोपडे सापडले. ते भरून घ्यायचेत. अक्षर फक्त मुनीमजींनाच लागतं आणि त्यांना मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगितलंय. ते वाचून दाखवतील, कुणीतरी शेजारी बसून टाइप करणारं हवं. जळगावात कुणाच्या ओळखीत कॉमर्सची शांत स्वभावाची मुलगी किंवा मुलगा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. चहा आणि शेवभाजी मिलकडून.